लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतले जिवंत सेल

वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीवाल्या ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून गेले, की लॅपटॉपची बॅटरी 'गेली' म्हणजे तिच्यातले सगळेच सेल गेले असं नाही, आणि आमच्या दुकानातला रिमोटचा ट्रॅक्टर अशाच भंगारातल्या सेलवर चालतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. प्रिंटरवाल्यांनी आणि स्क्रीनवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात.

ज्यांनी हे सदर आधी वाचलं नाही त्यांच्यासाठी: कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, २००९ पासून. टेबलाखाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा असायचा, त्यात गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या बॅटऱ्या. आता पत्र्याचा डबा नाही, प्लास्टिकची बादली आहे. का, ते पुढे येईलच.

प्रश्न: ताई, मी पीव्हीसी शीटचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली केली आहे. मागच्या चाकांना बारा व्होल्टच्या दोन जॉन्सन मोटरी. चुलतभावाच्या लॅपटॉपची सहा सेलची जुनी बॅटरी मिळाली, पण जोडली तर काहीच हलत नाही. मीटर शून्य दाखवतो. बॅटरी फेकू का फोडू? (अकरावीतला विद्यार्थी, अकलूज)

उत्तर: फेकू नकोस, आणि 'फोडू' हा शब्द आधी डोक्यातून काढ. ती उघडायची असते.

मीटर शून्य दाखवतो म्हणून आत काही नाही असं समजू नकोस. बॅटरीत एक छोटा बोर्ड असतो. समोर लॅपटॉप आहे अशी खात्री पटेपर्यंत बरेचसे बोर्ड बाहेर वीज सोडतच नाहीत. सहा सेलच्या बॅटरीत दोन-दोन सेलच्या तीन जोड्या असतात. जोडीतले दोघे समांतर, आणि तिन्ही जोड्या एकामागे एक. एका सेलचे ३.६ किंवा ३.७ व्होल्ट धर, म्हणून लेबलवर १०.८ किंवा ११.१ लिहिलेलं दिसेल. बोर्डाचं लक्ष प्रत्येक जोडीवर असतं. एक जोडी फार खाली गेली, की तो सगळी बॅटरी बंद करतो, कधी कधी कायमची. पूर्वी मोठ्या लोखंडी नांगराला बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपायचे. एक जोडी बसली की नांगर उभा. पण म्हणून उरलेल्या जोड्या कोणी बाजाराला काढत नसे.

उघडण्याआधी एक काम कर. अंगठी, कडं, घड्याळ, जे काही धातूचं हातात असेल ते काढून लांब ठेव. माझ्या डाव्या मनगटावर पाटलीच्या रुंदीचा एक तपकिरी पट्टा आहे. २०१२ सालचा. बॅटरीचं झाकण निघालं, मी हात आत घातला, आणि पाटली दोन निकेलच्या पट्ट्यांवर टेकली. आवाज झाला नाही, ठिणगीही फार मोठी नव्हती. पाटलीच तापली, आणि ती काही झटकून पडत नाही. साबणाच्या पाण्याखाली ओढून काढेपर्यंत जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं. त्या दिवसापासून बॅटरी उघडताना पाटल्या ड्रॉवरमध्ये आणि डब्याच्या जागी प्लास्टिकची बादली.

प्लास्टिकच्या कवचाला लांब बाजूने एक सांधा असतो. त्यात जुनं एटीएम कार्ड सरकव आणि पीळ देत देत पुढे जा. स्क्रू-ड्रायव्हर लागलाच तर बोर्डाच्या टोकाला लाव, तिथे सेल नसतो. मध्ये कुठेही खुपसायचा नाही. उघडल्यावर गोडसर, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास आला तर एखादा सेल गळतोय. तसंच बंद कर आणि तो बेत सोड. आणि आत नळकांड्यांऐवजी चांदीच्या पाकिटासारखे चपटे सेल निघाले, ते फुगलेले असले, तर हातही लावू नकोस. पातळ लॅपटॉपमध्ये आता तेच असतात. ते या कामाचे नाहीत.

नळकांडी निघाली तर ती बहुधा 'एटीन-सिक्स-फिफ्टी' असतील: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. आता एक सेल हातात घेऊन धन टोकाकडे नीट बघ. मधली उंच टिकली धन. पण तिच्या भोवतीची कड, वरच्या खांद्यापर्यंतचा सगळा पत्रा, ऋण आहे. दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचं एक गोल कडं आणि वरचं रंगीत प्लास्टिक, एवढंच. ते प्लास्टिक फाटलेलं असेल आणि तू टिकलीवर आडवी तार डागलीस, तर शॉर्ट तिथेच झाला. फाटलेल्या सेलला आधी नवीन आवरण घाल.

पुढचं काम मीटरचं. प्रत्येक जोडीचा व्होल्टेज बघ. ३ च्या वर असेल तर पुढे जा. अडीच ते तीनमध्ये असेल तर अगदी हळू, शंभर-दोनशे मिलिअँपिअरने, जवळ बसून चार्ज करून बघता येईल. २ च्या खाली गेलेला सेल मी घेत नाही, कितीही नवा दिसो. इतका खाली राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी जाऊन जमतं. आतल्या आत बारीक शॉर्ट तयार होतो. असा सेल चार दिवस छान वागतो, हेच त्यातलं वाईट.

जे पास झाले ते ४.२ व्होल्टपर्यंत भर. चार्ज होताना अधूनमधून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, आई ताप बघते तसं. कोमट लागला तर ठीक. अर्ध्या अँपिअरवरही गरम लागतोय तर बाद. मग तीन आठवडे विसरून जा. खरंच विसर, कपाटात नको पण डोळ्याआड ठेव. परत मोजलंस आणि ४.१ च्या आसपास राहिला असेल तर सेल प्रामाणिक आहे. ४ च्या खाली आला तर आतून झिरपतोय. शेवटी एका सेल-टेस्टर चार्जरवर ३ व्होल्टपर्यंत रिकामा करून किती एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमधल्या साठ्याचं माप) देतो ते बघ आणि तो आकडा मार्करने सेलवरच लिही. मूळ २२०० चा सेल १६०० देत असेल तर तुझ्या ट्रॅक्टरला रग्गड झाला. १२०० च्या खालचे मी बाद करते.

इथे एक गंमत सांगते. दुकानदारांचे बिलिंगचे लॅपटॉप माझ्याकडे येतात, वर्षानुवर्षं चार्जरवरच असलेले. मालक म्हणतो, 'ताई, बॅटरी कधी वापरलीच नाही, नवीकोरी आहे.' आणि नेमके तेच सेल सगळ्यात कमी भरतात. कायम पूर्ण भरलेला आणि कायम उबेत, अशा सेलला बसूनच म्हातारपण येतं. त्यापेक्षा रोज बसने कॉलेजला जाणाऱ्या पोराचा सेल कधी कधी बरा निघतो.

जोडणी करताना सेलच्या अंगावर सोल्डर करू नकोस. आयर्नची उष्णता आतल्या सीलला आणि पडद्याला सोसत नाही. कारखान्याने वेल्ड केलेल्या निकेलच्या पट्ट्या कापताना बोटभर ठेव आणि त्या पट्टीवर वायर डाग. जुना बोर्ड काढून टाक, तो पुन्हा जागा होण्याची शक्यता कमीच. त्याच्या जागी तीन-सिरीजचा बीएमएस लाव, म्हणजे एकामागे एक तीन जोड्यांवर लक्ष ठेवणारा नवा बोर्ड. तो घेताना बॅलन्सवाला, म्हणजे सगळ्या जोड्या सारख्या भरणारा माग, सगळ्यांत ती सोय नसते. चार्जर १२.६ व्होल्टचा आणि लिथियमचाच पाहिजे. राऊटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर 'जवळपास तोच' नाही.

तुझ्या मोटरी ट्रॉली ओढताना दोन्ही मिळून दीड-दोन अँपिअर घेतील, चाक अडकलं तर त्याच्या तिप्पट. हे जुन्या सेलच्या जोडीला झेपतं. मोटर चालवायला तो लाल रंगाचा एल-२९८ बोर्ड वापरत असशील तर एक सांगते, तो मधल्या मध्ये दोनेक व्होल्ट खातो. ट्रॅक्टर मरगळलेला वाटला तर सेलला दोष देण्याआधी तिकडे बघ.

प्रश्न: माझ्याकडे १/१० मापाची रिमोटची बग्गी आहे, ५४० ब्रश मोटर. लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) परवडेना म्हणून लॅपटॉपच्या २६०० एमएएचच्या चार सेलचा ७.४ व्होल्टचा पॅक केला. हिशेबाने ५२०० एमएएच, म्हणजे मित्राच्या २२०० च्या लायपोच्या दुपटीहून जास्त चालायला हवी. पण ट्रिगर दाबला की एक उडी मारते आणि मरते. सेल टेस्टरवर चांगले होते. काय चुकलं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर: सेल चांगलेच आहेत. तू त्यांना भलत्या कामाला लावलंस.

आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी पळवतात, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, मोटरसायकलच्या मागे. बघण्यासारखं असतं. म्हैस पळतेही. पण म्हणून कोणी तिला घेऊन शंकरपटात उतरत नाही. लॅपटॉपचा सेल म्हणजे दुभती म्हैस. भरपूर देतो, पण सावकाश देतो.

एमएएचचा आकडा किती आहे ते सांगतो, किती जोरात मिळेल ते सांगत नाही. लॅपटॉप एका वेळी फार मागत नाही, म्हणून त्याचे सेल कमी प्रवाहासाठीच बांधलेले असतात. २६०० एमएएचच्या अशा सेलला बनवणारे साधारण दुप्पट प्रवाह, म्हणजे पाचेक अँपिअर, सतत द्यायची परवानगी देतात, तेही नवा असताना. तुझी मोटर जागेवरून उचलताना २५ अँपिअर सहज ओढते.

आता वही काढ. जुन्या लॅपटॉप सेलचा आतला रोध माझ्या टेस्टरवर ६० ते १०० मिलिओहमच्या दरम्यान भरतो, आपण ८० धरू. दोन समांतर, म्हणजे जोडीचा ४०. दोन जोड्या एकामागे एक, म्हणजे परत ८०. २५ अँपिअर गुणिले ०.०८ ओहम बरोबर २ व्होल्ट. तुझे ७.४ तिथल्या तिथे ५.४ झाले. लिथियमवर ठेवलेला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड, सेलमागे तीन-सव्वातीन व्होल्टला, म्हणजे सहा-साडेसहाला, हात आखडतो. तो त्याचं काम करतोय. शिवाय २५ चा वर्ग गुणिले ०.०८, म्हणजे ५० वॅट उष्णता त्या चार सेलच्या पोटात. तुझ्या टेबलावरचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असेल. तसे दोन आयर्न पॅकमध्ये खुपसून तू गाडी चालवतोयस.

काही जण इथे ईएससी निकेलच्या सेटिंगवर टाकतात, म्हणजे कट-ऑफ लागत नाही आणि गाडी पळते. तू हे करू नकोस. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवरून वाटतं की विचार मनात येऊन गेलाय.

मग करायचं काय? एकतर समांतर सेल वाढवायचे, पण पंचवीस अँपिअरला पाच-पाचची बारी लावलीस तर दहा सेल, जवळजवळ अर्धा किलो, आणि बग्गीचा बैलगाडा होईल. दुसरा मार्ग भंगारातलाच आहे. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल मशीनचे पॅक शोध. माप तेच, दिसायलाही तसेच, पण त्यातले सेल पंधरा-वीस अँपिअर द्यायला बनवलेले असतात आणि रोध लॅपटॉपवाल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलास तर चार्जर हरवलेली ड्रिल मिळतात. सेलवर आयसीआर लिहिलंय की आयएनआर ते बघ. सी म्हणजे कोबाल्ट, एन म्हणजे निकेल, आर म्हणजे गोल. जुन्या लॅपटॉपमधले बरेचसे आयसीआर असतात. नुसतं आयएनआर बघून भुलू नकोस, ते सावकाश देणारेही असतात. पूर्ण क्रमांकावरून कंपनीची माहितीपत्रिका शोध आणि सततच्या प्रवाहाचा आकडा वाच.

आणि लॅपटॉपचे चार सेल टाकू नकोस. दगडांवर चढणारी क्रॉलर गाडी असली तर तिला ते बसव, ती मुंगीच्या पावलाने चालते आणि दोन-चार अँपिअरवर खूश असते. किंवा आठ पेन्सिल सेल लागणारा जुन्या पद्धतीचा रिमोट असला तर त्यात तीन सेल एकामागे एक. रिमोटला जेमतेम वीज लागते. माझ्या मते म्हाताऱ्या सेलला यापेक्षा बरी नोकरी नाही.

प्रश्न: माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने खेळण्यातल्या रिमोट कारची ४.८ व्होल्टची बॅटरी काढून लॅपटॉपचा एक सेल बसवला आहे. गाडी जरा हळू झाली, पण पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ चालते, त्यामुळे स्वारी खूश. चार्जिंग गाडीबरोबर आलेल्या चार्जरनेच, रात्रभर, अभ्यासाच्या टेबलावर. मला त्यातलं कळत नाही, पण भीती वाटते. (एक आई, डोंबिवली)

उत्तर: हे वाचून संपायच्या आत तो चार्जर काढून ठेवा. मग पुढचं वाचा.

तुम्हाला कळत नाही म्हणता, पण भीती अगदी बरोबर जागी वाटली. गाडीची मूळ बॅटरी निकेल-कॅडमियमची होती. तिला थोडंसं जास्त भरलं तरी ती गरम होऊन सोसते, म्हणून खेळण्यांचे चार्जर थांबायला शिकलेलेच नसतात. लिथियमचं तसं नाही. ४.२ व्होल्टला थांबावंच लागतं. हा चार्जर ४.२ ओलांडून ढकलतच राहणार. सेलच्या टोपीत सुरक्षेची एक चकती असते, ती कदाचित वेळेवर तुटेल. जुन्या सेलच्या बाबतीत त्या 'कदाचित'वर मी पोराला झोपू देणार नाही.

त्याला ओरडू नका मात्र. तेराव्या वर्षी एवढं जमलंय, हे काही कमी नाही. त्याला सांगा, टीपी-४०५६ नावाचा बोटभर बोर्ड आणायचा, संरक्षणवाला, ज्यावर 'आउट' लिहिलेले दोन वेगळे टोक असतात. मोबाईलच्या चार्जरवर चालतो आणि ४.२ ला स्वतः थांबतो. तो बोर्ड एक अँपिअरने भरतो, जुन्या सेलला ते जरा जास्तच. त्यावरचा १.२ किलोओहमचा बारीक रेझिस्टर बदलून २ किलोओहमचा घातला की सहाशे मिलिअँपिअरच्या आत येतो. मुलाला हे करायला आवडेल, आणि हात थरथरला तर ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे दोन मिनिटांचं काम आहे.

चार्जिंग टेबलावर, गादीवर, सोफ्यावर नाही. लादीवर, रिकाम्या मातीच्या कुंडीत, पडद्यापासून लांब, आणि घरात कोणीतरी जागं असताना. सेल फुसफुसायला लागला किंवा धूर आला तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मुलाला खोलीबाहेर काढा, तो धूर विषारी असतो. जमलं तर लांबून भरपूर पाणी. विजेची वस्तू म्हणून पाणी टाकायला लोक घाबरतात, पण बटण बंद असेल तर या छोट्या सेलला थंड करायला पाण्याइतकं सोपं काही नाही. जाळ मोठा असेल तर शौर्य नको, दार लावा आणि १०१ ला फोन.

प्रश्न: रविवारच्या बाजारात '९९०० एमएएच' लिहिलेले सेल मिळाले. लॅपटॉपच्या जुन्या सेलपेक्षा हे नवेच बरे ना? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर: नाही. या मापात बाजारात सहज मिळणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास. नऊ हजार नऊशे म्हणजे पावशेराच्या भांड्यात शेरभर दूध. सोनाराकडे नेऊन वजन करा. ४५ ग्रॅमच्या ऐवजी तीस भरला तर आत काय असेल ते असो, सेल नाही. नामांकित लॅपटॉपमधून निघालेला दहा वर्षांचा सेल मी याच्यापेक्षा आधी घेईन.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. नातवासाठी दोन फुटी होडी करतो आहे, ३८० ची मोटर, आपण सांगता तसे चार सेल. सगळे सेल एकसारखेच लागतात का? आणि किती वेळ चालेल? (चिपळूण)

उत्तर: सर, चार सेल म्हणजे दोन-दोनच्या दोन जोड्या. प्रत्येक सेल नव्हे, तर प्रत्येक जोडीची बेरीज सारखी यायला हवी. समजा मोजल्यावर १९००, १८५०, १७५० आणि १७०० भरले. तर १९०० बरोबर १७०० आणि १८५० बरोबर १७५०, दोन्हीकडे ३६००. आपण गावात कबड्डीच्या दोन चमू पाडायचो तसंच. मात्र एका जोडीत एकाच कंपनीचे, एकाच क्रमांकाचे सेल ठेवा. आणि समांतर जोडण्याआधी दोघांचा व्होल्टेज सारखा करून घ्या. एक भरलेला आणि एक रिकामा असे जोडले तर भरलेला दुसऱ्यात एकदम रिता व्हायला बघतो, आणि त्या धावपळीला मध्ये कोणी अडवणारं नसतं.

वेळेचं म्हणाल तर आपल्या मोटरने सरासरी ३ अँपिअर घेतले असं धरू. ३.६ अँपिअर-तास भागिले ३, म्हणजे एक तास बारा मिनिटं. पण तळ खरवडायचा नाही. पाऊण तास झाला की होडी काठाला बोलवा. गाडी बंद पडली तर चालत जाऊन आणता येते. होडीचं तसं नाही, आणि तळ्यात उतरायला नातू जाणार नाही, आपण जाल.

पाण्याची भीती सेलला तितकी नाही, जितकी बीएमएसला. सबंध पॅक जाड प्लास्टिकच्या श्रिंक नळीत घालून टोकं सिलिकॉनने बंद करा. खाडीच्या पाण्यात चालवू नका. मीठ लागलेल्या निकेलच्या पट्टीवर दोन आठवड्यांत हिरवट गंज चढतो.

प्रश्न: मी मस्कतला असतो. इथे ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपमधले तीस सेल साठवलेत. सुट्टीला येताना सामानात आणू का?

उत्तर: चेक-इन बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून, एकेक वेगळा ठेवून, विमान कंपनीच्या मर्यादेत चालतात. पण भंगारातून काढलेले, आवरण फाटलेले तीस सेल सुरक्षा तपासणीत कोणाला समजावून सांगत बसणार? तिथेच कोणाला तरी द्या. इथे भंगाराला तोटा नाही.

प्रश्न: बाद झालेल्या सेलचं काय करायचं? रद्दीवाला घेतो म्हणतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर: रद्दीवाल्याला दिलेत तर तो पत्र्याबरोबर गोणीत टाकेल, आणि मी पत्र्याचा डबा का बदलला ते वर सांगितलंच आहे. घंटागाडीतही नको. गाडीत कचरा दाबला जातो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या डब्यात साठवा, आणि ई-कचरा संकलन केंद्रावर नेऊन द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची सोय लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. बादली भरली की मी स्कूटरवर घालून स्वतः नेते, पावती घेऊन येते.

प्रश्न: ताई, लोकांना एवढं सांगता, तुमची स्वतःची गाडी कोणती? ट्रॅक्टर तुमचाच का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर: ट्रॅक्टर दुकानातल्या पोराचा. माझी एक मालवाहू होडी आहे, फायबरची, सव्वादोन फुटांची. तिच्यात २०११ सालच्या एका लॅपटॉपचे सहा सेल आहेत, आता चौदाशेच्या आसपास देतात. पॅकच्या धन तारेवर, अगदी सेलजवळ, मोटारगाडीत असतो तो पात्याचा फ्यूज, दहा अँपिअरचा. हे ट्रॅक्टरवाल्या अकलूजच्या पोराला लिहायचं राहिलं होतं. तूही लाव रे, दहाचाच.

मागच्या मे महिन्यात रंकाळ्यावर संध्याकाळी होडी सोडली होती. काठापासून चाळीसेक फुटांवर केंदाळात शिरली, पंख्याला मुळं गुंडाळली आणि मोटर जाम. मी रिमोटवरून मागे-पुढे करत राहिले, करायला नको होतं, पण समोर दहा-बारा माणसं जमली होती आणि मला वाटलं सुटेल. मग एकदम सगळं शांत. भेळवाल्याने एक बांबू आणि पोहणारा एक मुलगा असं दोन्ही दिलं. होडी काठावर आली, झाकण काढलं, पॅकला मनगट लावून बघितलं. कोमट. फ्यूजची आतली तार वितळून दोन थेंब झाले होते. मुलाला भेळ दिली, पर्समधून दुसरा फ्यूज काढून घातला, आणि दुसरी फेरी केंदाळापासून लांबून मारली.